समूहगान, बुद्धी आणि सूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

लहान मुलांच्या समूहगानावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत : संगीताने बुद्धी वाढते हे सिद्ध झालेले नाही, बालवर्गातील गाणे म्हणजे बेसूर गलका असतो, आणि तेवढ्यासाठी मोबाइलवर गाणी लावली तरी पुरते.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. ‘मोत्सार्ट परिणामा’चा, म्हणजे मोत्सार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचे संगीत ऐकून बुद्धी वाढते या समजुतीचा, जो बोलबाला झाला, त्याच्या मुळाशी असलेला १९९३ सालचा प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यात दिसलेला फरक दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नव्हता. माझ्या लेखातून बुद्धिवाढीचे आश्वासन ध्वनित झाले असल्यास ते मी मागे घेते.

गलक्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. लहान मुलाला गाण्याचे शब्द आणि ठेका आधी साधतात, दोन सुरांमधले नेमके अंतर पुष्कळ नंतर. त्यामुळे चौथ्या वर्षी सूर निसटतो याला मी दोष मानत नाही. (पुष्कळदा मोठी माणसे स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतात आणि ती न पेलल्याने मुले ओरडू लागतात.) शिवाय मी ज्या लाभाविषयी लिहिले, तो सुरेलपणावर अवलंबून नाही. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधक किर्श्नर आणि टोमासेलो यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या केल्या होत्या. काही जोड्या गात आणि वाजवत खेळल्या, तर काही तोच खेळ संगीताविना खेळल्या. पुढे जोडीदाराच्या हातून गोट्या सांडल्या, तेव्हा गाऊन आलेली मुले मदतीला अधिक धावली. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारे मूल घोळक्यात आधी नुसते ओठ हलवते, मग एखादी ओळ गुणगुणते, आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही; ही मुभा एकट्याच्या शिकवणीत त्याला कुठून मिळणार?

मोबाइलविषयी याच दोघांचा २००९ सालचा प्रयोग बोलका आहे. ढोल वाजवणारे माणूस समोर असताना अडीच वर्षांची मुलेसुद्धा त्याच्या लयीशी अधिक जुळवून घेत होती. तोच ठेका यंत्राने किंवा ध्वनिक्षेपकाने दिला, तेव्हा तितके जमत नव्हते. म्हणून चाल शिकण्यासाठी आपण ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे, पण मुलांपुढे बसताना ते बंद करून स्वतः गावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.