स्पीकर भिंतीला टेकवून ठेवायचे असतील तर?

"खोली लहान असली तरी वूफर मोठाच घ्या" हे स्पीकर-निवडीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही (वूफर म्हणजे स्पीकरमधला खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा). पुण्यातल्या किती वन बीएचकेंच्या हॉलमध्ये स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ठेवता येतात हो? आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ते टीव्ही युनिटवर, भिंतीला खेटूनच बसतात. तिथे मागे पोर्ट (बास वाढवणारं हवेचं भोक) असलेली, ५ इंची वूफरची जोडी लावली की डग्ग्याची प्रत्येक थाप उगाच लांबते आणि गायकाचा खर्ज त्यात बुडतो. मेव्हण्याची ४ इंची, पुढे पोर्टवाली जोडी त्याच जागी ठेवली, तर घिस्सा (डग्ग्यावर तळहात घासून काढलेला घुमारा) आणि तानपुरा वेगवेगळे ऐकू आले.

लेखात वॉटचे आकडे परिच्छेदभर, आणि पोर्टचा उल्लेखही नाही! मागचा पोर्ट असेलच तर त्यात स्पंजचा बोळा घाला, बासचं बटण थोडं खाली आणा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) आपण बसल्यावर कानाच्या उंचीला येतोय ना बघा. शिवाय बऱ्याच जोड्यांत अँप्लिफायर एकाच स्पीकरमध्ये असतो, दुसरा वायरने जोडलेला. प्लग कुठल्या बाजूला आहे आणि ती वायर पुरते का, हे आधी मोजा. ब्लूटूथचं म्हणाल तर असलं काय, नसलं काय.