घरचं मशीन आणि चामडं
लेखात 'घरच्या शिलाई मशीनवरच चामडं शिवायला लागा' असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. म्हापशात मी तेच करून बसलोय. पातळ चामडं शिवलं गेलं. पट्ट्याचे दोन थर आले तशी सुई वाकली, टाके सुटायला लागले. कापडासारखं उसवून परत शिवू म्हणाल तर सुईचं भोक कायमचं राहतं! पहिलंच मशीन घ्यायचं तर कंपाउंड वॉकिंग फूटचं घ्या. त्यात माल दाबून धरणारा पाय, सुई नि खालचे दात मिळून माल पुढे नेतात, थर सरकत नाहीत. मोटर सर्व्होच हवी, म्हणजे वेग हवा तितका कमी ठेवता येणारी; टाका टाका मोजत शिवता येतं. क्लच मोटर सतत पूर्ण वेगाने फिरत असते, नवशिक्याच्या हातात उधळते. आणि आपल्या गोव्याच्या पावसात मशीन नुसतं झाकून भागत नाही, गंज चढतो; मेअखेरीस शटलला, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाला, तेल द्याच.