हरभऱ्याचा आठवडा

तिसरीच्या वार्षिक नियोजनात ‘बी रुजताना पाहणे’ या उपक्रमाला एक तासिका लिहिलेली असते. हरभऱ्याला नियोजन वाचता येत नाही, म्हणून तो आठवडा घेतो.

सामान साधं: हरभरे, काचेचा पेला, आइस्क्रीमची काडी, दोरा, कापूस. शहरात पोरांना ‘उद्या थोडा कापूस आणा’ म्हटलं की मेडिकलमधून निळ्या कागदातली गुंडाळी येते. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याच्या बाजूला दिवाळीनंतर घरातली एक खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली असते. मंगळवारी तो कापूस दप्तरातून, टोपीतून आणि एखाद्याकडून चक्क गोणीतून वर्गात येतो, सरकीसकट. पहिल्या ओळीतली पोरं शिंकू लागतात.

पण खरा घोळ पुढेच. हा कापूस पेल्यात घालून वरून पाणी सोडलं, की पाणी आत जायचं नाव काढत नाही. पाटावर बसवलेल्या व्याह्यासारखं वरच थेंब होऊन बसून राहतं. शेतातून आलेल्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो. दवाखान्यातल्या कापसाचा तो थर रसायनात उकळून काढलेला असतो. आपणही धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळून काढू शकतो, पण शाळेतल्या चुलीवर त्या वेळी खिचडी असते आणि मावशी पातेलं देत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे जुन्या सुती सदऱ्याची चिंधी. प्रश्न एवढाच, की शेतकऱ्याच्या पोराला ‘तुमचा कापूस चालणार नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तेवढं तर व्यापारी घरी येऊन सांगून गेलेला असतो.

हरभरे सोमवारी रात्रीच भिजत घालावेत, लागतील त्याच्या दुप्पट. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे पोषण आहारात रोज २० ग्रॅम डाळ-कडधान्य धरलेलं आहे. भिजलेला हरभरा समोर दिसला की त्यातले निम्मे ग्रॅम खिचडीआधीच पोटात जातात.

मग काही हरभरे ओल्या चिंधीत ठेवायचे, आणि तीन काडीला बांधून ती पाण्याच्या पेल्यात उभी करायची. तळातला पूर्ण पाण्यात, मधला अर्धा बुडालेला, वरचा पाण्याबाहेर. बांधायचे ते भिजवूनच. कोरडा बांधला तर फुगताना दोरा त्याला कापतो, नाही तर गाठ सुटून तो तळाशी जातो आणि पोरं ओरडतात, “गुरुजी, हाऊ तं बुडी गया!”

मधल्याची पातळी सांभाळणं हे घरसंसारापेक्षा अवघड. दुपारच्या कोरड्या हवेत पाणी खाली जातं, म्हणून वर्गप्रमुख भरतो. वर्गप्रमुखावर विश्वास नाही, म्हणून उपप्रमुख भरतो. मधल्या सुट्टीनंतर तिन्ही हरभरे पाण्याखाली असतात. उपाय एकच: पेल्यावर बाहेरून स्केचपेनची रेघ मारायची आणि पाण्याची बाटली आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवायची.

गुरुवारच्या आसपास मधल्याला पांढरं टोक फुटतं. थंडी असेल तर एखादा दिवस जास्त. चिंधीत ठेवलेले हरभरे मात्र मागे राहतात, कारण पोरं ते दर तासाला उपसून बघतात आणि कोवळं मूळ मोडतं. म्हणून चिंधी पेल्याच्या काचेला चिकटवून हरभरा मध्ये दाबावा. उपसायचं कारणच उरत नाही.

मोजमाप शुक्रवारी. पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो, हे कुणी बघत नाही. निम्मा वर्ग कडेपासून मोजतो, उरलेला एकपासून. एकाच मुळाच्या दोन लांब्या येतात आणि दोन्ही बाजू शपथ घ्यायला तयार. त्यात मूळ वाकडं. त्यावर ओला दोरा ठेवायचा, नखाने खूण करायची, मग दोरा पट्टीवर सरळ धरायचा.

शनिवारी सकाळची शाळा. तोवर तळातल्या हरभऱ्याने पाण्याला असा वास आणलेला असतो, की निष्कर्ष शिकवावा लागत नाही. मागच्या बाकावरून, नाक धरून, उत्तर येतं, “त्याले पानी भेटनं, पन हवा नही भेटनी.” वहीत यासाठी चार ओळी सोडलेल्या असतात. मी एवढ्यावरच पूर्ण गुण देतो आणि खिडक्या उघडतो.

पेले मावशींचे होते. ते कोणी घासायचे, यावर मात्र वर्गात अजून एकमत झालेलं नाही.