मला खपली हवी आहे, खपलीचं पीठ नको

आज दुपारी चौथ्या दुकानातून हात हलवत बाहेर पडलो आणि घरी येऊन चहासुद्धा न घेता हे लिहायला बसलोय.

दादांना गव्हाची खीर खायची आहे. महिनाभर अंथरुणावर आहेत, जेवणाचं नाव काढलं की तोंड फिरवतात. परवा स्वतःहून म्हणाले, "खीर करा की रे. खपलीची." त्यासाठी कांडलेली खपली, म्हणजे टरफल काढलेला खपली जातीचा गहू लागतो, दोन किलो पुरे. अख्ख्या पुण्यात ती मिळू नये?

पहिल्या दुकानात लोकवन पुढे केला. दुसऱ्यात सरबती, वर "काका, हा पण एक नंबर आहे." तिसऱ्यातल्या पोराने हे नावच ऐकलं नव्हतं. चौथं दुकान मोठं, एसी वगैरे. तिथे मिळाली. पीठ! किलोचं पाकीट, वर बैलजोडीचं चित्र आणि खाली ठळक अक्षरात 'ग्लूटेन फ्री'. ठेवलं होतं कुठे, तर नाचणी-वरईशेजारी, मिलेटच्या पाटीखाली.

तिथे माझं डोकं फिरलं. अहो, खपली हा गहू आहे. जुना, सालासकटचा, पण गहूच, आणि त्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन, असतंच. एखाद्या घरात सिलिॲकचं, म्हणजे ग्लूटेन अजिबात न चालणारं लेकरू असेल आणि त्याच्या आईने ते पाकीट वाचून विश्वासाने पोळ्या करून घातल्या तर? २०२३ साल भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं, चांगलंच झालं, पण म्हणून गव्हालाही त्याच फळीवर बसवायचं? काउंटरवरच्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "सर, वरूनच असं येतं." तिच्यावर काय ओरडणार! पाकीट परत ठेवलं आणि निघालो.

मी सात-आठ वर्षांचा असेन. दादा मला मिरजेच्या बाजारात घेऊन जायचे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला मूठभर गहू वर काढायचे, कारण तोंडाशी चांगला माल मांडलेला असतो हे त्यांना ठाऊक. मग एक दाणा दाढेखाली धरायचे. कट् असा आवाज आला की वाळलेला. दुसरा दाणा माझ्या तोंडात. "चाव. आला आवाज?" मी कान देऊन चावायचो. तांबूस, लांबट दाणा, दोन्ही टोकांना निमुळता. आज त्या बंद पाकिटावरून बोट फिरवताना हेच आठवत होतं. पिठाला कसला आवाज?

कांडणं म्हणजे काय हे कुणाला माहीत नसेल म्हणून सांगतो. साधा गहू मळला की दाणा मोकळा होतो. खपलीचं तसं नाही, टरफल दाण्याला धरून बसतं, जखमेवर खपली धरते तसं. आई गहू पाण्याने ओलसर करायची, फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि मग उखळात घालायची. मुसळाचा घाव बेताचा, टरफल सुटलं पाहिजे पण दाणा फुटता कामा नये. मग वाळवून पाखडायचं. ते गहू रात्रभर भिजवून सकाळी मऊ शिजवायचे, गूळ, खोबरं, खसखस, सुंठ, बडीशेप. इतकं शिजूनही दाणा दाणाच राहतो, दाताखाली येतो. लोकवनची खीर मी गेल्या वर्षी करून बघितली होती. दादांनी दोन घास खाल्ले आणि वाटी बाजूला सरकवली. काही बोलले नाहीत.

शेतकऱ्याला दोष देणार नाही मी. साठच्या दशकात मेक्सिकन बुटक्या जाती आल्या, मग कल्याणसोना, सोनालिका; एकरी उतारा कुठल्या कुठे गेला. खपलीचा उतारा कमी, वर कांडपाचा खर्च. कोण लावणार? तरी सांगली-कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यात लोकांनी ती टिकवली. तांबेरा रोगाला दाद देत नाही हाही तिचा गुण. इथल्या पुण्यातल्याच आघारकर संस्थेने एमएसीएस २९७१ ही खपलीची बुटकी जात काढली आहे. म्हणजे संशोधन या शहरात आणि दाणा या शहरात नाही!

दुसऱ्या दुकानातले मालक मात्र खरं बोलले. "काका, आणली होती मागे. पाच किलो गेली, बाकीच्याला सोंडे लागले." आता या माणसाला काय म्हणायचं? आपणच मागत नाही. मधुमेहवाल्यांनी पिठाची मागणी केली म्हणून खपली निदान शहरात आली, हेही कबूल करतो, मनाविरुद्ध.

पण पीठच का? ज्याला पीठ हवं त्याला गिरणी आहे ना कोपऱ्यावर. दाणा ठेवा. उघड्या पोत्यात ठेवा, हात घालू द्या, एक चावू द्या.

मघाशी दादांच्या खोलीत गेलो. "मिळाली?" म्हणाले. मी म्हटलं, उद्या बघतो. ते म्हणाले, "तळातली घे. वरची घेऊ नको."

तर मित्रांनो, मिरज, शिरोळ, चिकोडी, त्या बाजूने या आठवड्यात कुणी पुण्याला येत असेल तर मेसेज करा. कांडलेली खपली, दोन किलो, अख्खा दाणा. पैसे लगेच पाठवतो. स्वारगेटला एसटी कितीही वाजता पोहोचू दे, मी येऊन घेऊन जाईन.