नुसतं समजावून भागत नाही
लेखात म्हटलंय का बंदुकीबद्दल पोरांना फक्त समजावून सांगा, शिक्षा नको. मला नाही पटत. माझे काका फौजेतून रिटायर, कामठीले राहतात, त्यांची लायसनची बारा बोअर बंदूक कुलपात अन् काडतुसं वेगळ्या कपाटात. नातवानं एअरगन बहिणीकडे रोखली, म्हणे रिकामीच आहे! काकांनी तिथंच हातातून काढून घेतली, महिनाभर बंद, अन् परत देताना नळी जमिनीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आधी उघडून दाखव, हे रोज करवून घेतलं, हात नाही उगारला. छर्रा डोळ्यात गेला तर डोळाच जातो ना बावा. कायद्यानं लायसनला २१ वर्षं लागतात पण घरातल्या पोट्ट्याले कपाटाची चावी कुठं असते ते बरोबर माहीत असते, लेखात त्या चावीबद्दल एक ओळ तरी पाहिजे होती.