‘दोन बिअरनं काय होतंय?’ या कॉमेंटला जरा लांबलेलं उत्तर

भाऊ, ज्यांनी तुमची कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात इथं टाकतो. तुमचं म्हणणं असं की दारू कमी केल्यावर माझा फुटबॉल सुधारला हे एकट्या माणसाचं उदाहरण झालं, खरं तर वजन उतरलं त्याचा फायदा असणार, मँचेस्टर युनायटेडचा जुना स्टार जॉर्ज बेस्ट पिऊन पण बेस्टच होता, आपल्या कोल्हापुरातले पेठेतले जुने प्लेयर रात्री बसायचे आणि दुसऱ्या दिवशी शाहू स्टेडियमवर गोल मारायचे, आणि शेवटी "दोन बिअरनं काय होतंय? उगं कीर्तन नको."

कीर्तनाचं म्हणाल तर मी सोडलेली नाही हो, कमी केलीय. आधी आठवड्यातून तीन-चारदा बसणं व्हायचं, आता महिन्यातून दोनदा, ते पण रविवारची मॅच झाल्यावर. आदल्या रात्री नाही. एवढंच.

एकट्या माणसाचं उदाहरण हे मान्य. वजनाचं पण मान्य, ते मी पोस्टमध्ये लिहायलाच हवं होतं, कारण दारूबरोबर चकणा पण गेला ना, मसाला शेंगदाणे, चिकन सिक्स्टीफाय, वर रात्री बारा वाजता गाड्यावरची भुर्जी, आता यातलं नेमकं काय बंद झाल्यामुळं पोट आत गेलं ते मला नाही सांगता यायचं.

पण "दोन बिअर"चा हिशोब करूया की. स्ट्राँगची ६५० मिलीची बाटली, ८ टक्के धरा, म्हणजे ५२ मिली अल्कोहोल, वजनात साधारण ४१ ग्रॅम. दोन बाटल्या म्हणजे ८२. शरीर तासाला ढोबळमानानं ७ ते १० ग्रॅम निपटतं, माणसागणिक कमी-जास्त. म्हणजे रात्री नऊला बसलेल्याचं काम सकाळी सहा-सातपर्यंत चालूच, आणि आमचा किकऑफ साडेसातला! झोप पण कसली, पडल्या पडल्या डोळा लागतो खरा पण तीनला जाग, घसा कोरडा, दोनदा बाथरूम. अंगात पाणी धरून ठेवणारं हार्मोन दारूनं दबतं म्हणून ते.

आता एक तुमच्या बाजूचं पण सांगतो. न्यूझीलंडच्या मॅसी युनिव्हर्सिटीत २०१० च्या सुमारास प्रयोग झाले, मांड्यांचा जबरी व्यायाम करून घ्यायचा आणि मग व्होडका-ऑरेंज ज्यूस द्यायचा. किलोमागे १ ग्रॅम अल्कोहोल घेतलेल्यांच्या पायातली ताकद दीड दिवसानं सुद्धा नुसता ज्यूस प्यायल्यावर होते त्यापेक्षा जास्त उतरलेली होती. पण डोस अर्धा केल्यावर असा फरक दिसला नाही. माणसं मोजकीच होती आणि दारू व्यायामानंतरची, आदल्या रात्रीची नव्हे, हे पण लक्षात घ्या. माझं वजन ७२ किलो, म्हणजे पूर्ण डोस ७२ ग्रॅम, अर्धा ३६. म्हणजे तुमची पहिली बिअर जवळजवळ सुटली, दुसरी अडकली.

बेस्टचं राहू द्या. १९६८ ला युरोपियन कप आणि बॅलन डी'ऑर, म्हणजे युरोपातल्या वर्षातल्या बेस्ट प्लेयरचा मान, वय बावीस, आणि सत्ताविसाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेड सुटलं पण. मी उलट टोनी अ‍ॅडम्सचं नाव घेऊ शकतो, १९९६ ला स्वतः कबूल केलं की मी दारुडा आहे, पिणं थांबवलं, आणि १९९८ ला कॅप्टन म्हणून आर्सेनलला लीग आणि एफए कप दोन्ही. पण त्यात वेंगर हा नवा कोच आला, जेवण बदललं, ट्रेनिंग बदललं, सगळंच एकदम, म्हणजे माझ्या चकण्यासारखीच गत, सगळं श्रेय बाटलीला देता येत नाही.

पेठेतल्या जुन्या प्लेयरबद्दल मी काय बोलणार, माझा काकाच त्यातला. त्याला विचारलं तर म्हणाला, "अरे बसायचो की, पण समोरचा पण बसलेलाच असायचा!"

खरं सांगायचं तर माझा स्पीड काडीचा वाढलेला नाही, वय चाळीसला टेकलंय. वाढली ती हजेरी. आमचा कॅप्टन टर्फच्या वर्गणीसाठी एक लांबडी वही ठेवतो, कोण आलं कोण नाही, नावापुढं टिक किंवा फुली. मागच्या वर्षीच्या पानावर माझ्या नावापुढं मंगळवारच्या प्रॅक्टिसच्या रकान्यात नुसत्या फुल्या, कारण सोमवारी रात्री आमचा ग्रुप बसायचा आणि मंगळवारी मी ऑफिसात "जरा कणकण आहे" म्हणून मान खाली घालून असायचो. या वर्षी तीनच फुल्या, त्यातली एक मेहुण्याच्या लग्नाची. आता वर्षभर प्रॅक्टिसला गेलं की डावा पाय थोडातरी चालायला लागणारच, त्यात चमत्कार काय आहे? दारूनं सगळ्यात जास्त काय खाल्लं असेल तर ते मंगळवार. मॅचच्या आदल्या रात्रीचं आपण उगाच भांडत बसतो.

दुसरं म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं. आधी मी कॉर्नर झाला की गुडघ्यावर हात ठेवून वाकायचो आणि त्यांचा विंगर माझ्या बाजूनं निघून जायचा, मागनं गोलकीपर बोंबलतोय, "मर्दा, पळ की!" आता निदान त्याच्या मागं तरी जातो. पकडतो असं म्हणत नाही.

आणि परवाच रिकाम्या गोलसमोर, पूर्ण शुद्धीत, बॉल बारवरनं थेट जाळीबाहेर घातलाय, ती मॅच आम्ही १-० हरलो. तेव्हा सगळं सुधारलं असा माझा दावा नाही.

येत्या रविवारी साडेसातला या, आम्हाला कायम एक माणूस कमीच पडतो. मॅचनंतर एक बिअर माझ्याकडनं. दुसरीचं तुम्ही बघा.