अलंकार ओळखा (गुण 2)

मराठी शिकवणाऱ्या तमाम बंधुभगिनींनो, अलंकार शिकवायचे म्हणजे मुलांना कविता कळली पाहिजे, हे खूळ आधी डोक्यातून काढा. कवितेत वेळ जातो आणि पोर्शन मागे राहतो.

फळ्यावर दोन रकाने आखा. डावीकडे सम, समान, सारखा, परी, तुल्य, जेवि. उजवीकडे जणू, जणूकाही, गमे, वाटे, भासे. डावीकडचा शब्द दिसला की उपमा, उजवीकडचा दिसला की उत्प्रेक्षा. ओळ वाचायचीच नाही, शब्द तेवढा हुडकायचा. मग एखादं कार्टं उभं राहून म्हणेल, ‘‘सर, मला ताप आल्यासारखं वाटतंय. यात ‘सारखं’ही आहे आणि ‘वाटतंय’ही. अलंकार कुठला?’’ त्याला घरी पाठवा. ताप असेलच.

‘दमडीचं तेल आणलं’ शिकवताना हसू आवरा. एका दमडीच्या तेलात सासूबाईंचं न्हाणं होतं, मामंजींची दाढी होते, भावोजींची शेंडी होते. तरी तेल उरतं, लांडोरीच्या पायानं सांडतं आणि वेशीपर्यंत गेलेल्या ओघळात उंट पोहून जातो. खाली ‘अतिशयोक्ती’ लिहा आणि डस्टर फिरवा. ही सून काटकसरीची फुशारकी मारतेय, की दमडीच्या तेलात अख्खं घर न्हाऊ घालायला लावणाऱ्यांना टोमणा हाणतेय, हे वर्गातल्या मुली विचारतील. (मुलीच विचारतात, बघा.) ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून सांगा.

तुकोबांची मुंगी ‘दृष्टांत’ म्हणून चिरडून पुढे सरका. थोर ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, तर मोठेपण मागावं की नाही, ही चर्चा मेरिटची स्वप्नं दाखवणाऱ्या शाळेत धोक्याचीच.

शब्दशक्ती, म्हणजे शब्दातून अर्थ कसा निघतो ते प्रकरण, तेही झटपट उरका. ‘घरावरून हत्ती गेला’ म्हणजे लक्षणा, शब्दशः अर्थ सोडून जवळचा घ्यायचा: हत्ती घराजवळून गेला. कौलं फुटली का, असं विचारणाऱ्याला उभा करा.

आणि उशिरा आलेल्या पोराला ‘‘या राजे, फार लवकर आलात!’’ म्हणायची सवय तेवढी सोडा. ते मान खाली घालून गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसतं. म्हणजे व्यंजना, शब्दांआडचा सुचवलेला अर्थ, त्याला पुरती कळते. मग ‘व्यंजनेची व्याख्या लिहा’मध्ये त्यालाच भोपळा देताना आपली पंचाईत होते.